उसन्या आवाजाचा वर्ग

मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्याचं खरं हत्यार खडू नव्हे, घसा. हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. गणिताच्या बाई फळ्याशी पाठमोऱ्या उभ्या राहूनही तास काढू शकतात. इंग्रजीवाल्याला ती सोय नाही. ही भाषा मुलांच्या घरी कोणी बोलत नाही, गल्लीत कोणी बोलत नाही. त्यामुळे धडा आधी सरांनी मोठ्याने वाचायचा, मग एकेक वाक्य सरांनी म्हणायचं आणि त्यांच्या मागून साठ पोरांनी. आमची शाळा कल्याण पश्चिमेला, शहाडच्या बाजूची. वर्गाच्या खिडक्या हमरस्त्यावर. रिक्षा, टेम्पो, लग्नसराईत बँड, या सगळ्यांच्या वर आवाज चढवायचा.

माझा चढायचा. मुलं मला माझ्या मागे 'भोंगा' म्हणायची हे मला ठाऊक होतं आणि मला त्याचा राग नव्हता. खरं सांगायचं तर आतून बरंच वाटायचं. गॅदरिंगला माईक बंद पडला की मुख्याध्यापिका कर्णिक मॅडम म्हणायच्या, "तांबे सरांना बोलवा." मी स्टेजवरून दोन वाक्यं बोललो की मागच्या भिंतीला टेकलेले पालकसुद्धा गप्प व्हायचे.

निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना एका सकाळी दाढी करताना गळ्यावर गाठ दिसली. ठाण्याच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि समोर बसवून स्वच्छ सांगितलं, "थायरॉइडची गाठ आहे, काढावी लागेल. आवाजाची एक नस तिथूनच जाते. वाचवायचा प्रयत्न करीन. पण गाठीनं तिला वेढलं असेल, तर मात्र..."

गाठीने वेढलं होतं.

शुद्धीवर आलो तेव्हा वृंदा, माझी बायको, पलंगाशेजारी खुर्चीत संत्रं सोलत बसली होती. मी तिला हाक मारली. तिने मान वर केली नाही. पुन्हा मारली. ती संत्र्याच्या शिरा काढत राहिली. तिसऱ्या वेळी मी पलंगाची कड वाजवली, तेव्हा ती दचकली आणि म्हणाली, "उठलात? हाक नाही का मारायची?"

पुढचे काही महिने आवाजाचे व्यायाम केले. शिकवणाऱ्या बाई तरुण होत्या, मनापासून मेहनत घ्यायच्या. कुजबुज थोडी सुधारली. शांत खोलीत, हाताच्या अंतरावरच्या माणसाला ऐकू जाईल इतकी. शेवटी त्या म्हणाल्या, "सर, आता हा तुमचा आवाज. याच्याशी जमवून घ्यायचं." मी कागदावर लिहिलं, 'आणि शाळा?' त्यांनी कागदाची घडी घालून मला परत दिला.

शाळेत रुजू व्हायला गेलो तेव्हा कर्णिक मॅडमनी चहा मागवला. बाई मनाने चांगल्या, पण शाळा चालवायची म्हणजे चांगुलपणाला कुठेतरी कुंपण घालावं लागतं. माझी दहावी तोवर जाधव सरांकडे गेली होती. जाधव म्हणजे हुशार, तिशीतला मुलगा.

"तांबे सर, मी तुमच्यासाठी लायब्ररीचं बघते," मॅडम म्हणाल्या. "शिवाय ऑफिसात दाखले, परीक्षेचं काम आहेच. पगाराला धक्का नाही. राहिलेली वर्षं आरामात जातील."

मी पुढे वाकून म्हणालो, "वर्ग द्या."

"सर, साठ मुलं आहेत. तुम्ही त्यांना कसं..."

"वर्ग द्या."

मला तेवढंच बोलता येत होतं म्हणून मी तेवढंच बोललो. लांब वाद घालता आला असता तर कदाचित हरलो असतो. मॅडमनी बराच वेळ पेन उघडमीट केलं. मग म्हणाल्या, "आठवी अ. दिवाळीपर्यंत बघू. दहावी मात्र मी देऊ शकत नाही. पालक मला सोडणार नाहीत."

पहिला प्रयोग कानाला लावायच्या माईकचा. क्लासवाले कमरेला छोटा स्पीकर बांधतात, कानामागून तोंडापाशी काडी येते, तो. घरी वृंदासमोर बरा वाटला. वर्गात लावला आणि मी "गुड मॉर्निंग" म्हणालो, तर स्पीकरमधून नुसती वाफ सुटल्यासारखा आवाज आला. दुसऱ्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, कुकर लावलाय का?" वर्ग खो खो हसला. कुजबुजीला कितीही मोठं केलं तरी ती मोठी कुजबुजच होते, हे मला त्या दिवशी कळलं. आठवडाभर रेटलं आणि माईक कपाटात ठेवला.

ती मुलगी प्रणाली भोईर. आंबिवलीची. आवाज खणखणीत आणि मनात आलं की तोंडात आलंच. पुढे जे घडलं ते तिच्यामुळे.

माझ्याकडे एक जुना टॅबलेट होता, वृंदा त्यावर कीर्तनं ऐकायची. त्यात एक सोय सापडली. आपण टाइप करायचं, ते वाचून दाखवणार. आमच्या वर्गात नेट धड येत नव्हतं आणि नेटशिवाय चालणारा आवाज एकच होता, कुठल्याशा परदेशी बाईचा. डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीचा आरतीचा छोटा स्पीकर मागून आणला, टॅबलेटला जोडला आणि वर्गात टेबलावर ठेवला.

सुरुवात वाईट झाली. मी एका बोटाने टाइप करणारा. मी एक वाक्य लिहीपर्यंत मागच्या बाकांवर दोन भांडणं होऊन मिटलेली असत. म्हटलं, निदान हजेरी घेऊ, नावं तयार आहेत. मी बटण दाबलं.

"प्रॅनॅली बॉयर," बाई म्हणाली.

वर्ग बाकं बडवायला लागला. पुढे 'ओमकार शेलार'चं 'ऑम्कर शेलर' झालं. मग मी वर्ग शांत करावा म्हणून माझंच नाव टाकलं, तर बाईने 'तांबे'तला शेवटचा स्वर गिळला आणि मला 'टँब' करून टाकलं. मुलं हसून हसून बाकाखाली गेली. प्रणाली मात्र हसत नव्हती. ती टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"सर, ती मला बॉयर का बोलते? तिला सांगा ना, भोईर बोल म्हणून."

मी टॅबलेट तिच्याकडे फिरवला आणि कुजबुजलो, "तू सांग."

"मी कशी सांगू? तिला मराठी येतं का?"

मी पडद्यावरच्या कीबोर्डकडे बोट दाखवलं. तिला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. तिने 'आय' काढला आणि तिथे दोन 'ई' टाकले. बाई म्हणाली, "बोअर." प्रणाली म्हणाली, "बोअर तू!" पण आता अख्खा वर्ग टेबलाभोवती होता. कोणी म्हणालं 'वाय' घाल. कोणी म्हणालं 'एच' तिला ऐकूच येत नाही, तोड मधे. शेवटी तिने नावाचे दोन तुकडे केले, मधे जागा सोडली, आणि बाई बऱ्यापैकी "भो ईर" म्हणाली. असा आरडाओरडा झाला की शेजारच्या वर्गातून जाधव सर बघायला आले.

तो तास संपला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काहीच बोललो नव्हतो, आणि पोरांनी इंग्रजीच्या अक्षरांवर तासभर डोकं चालवलं होतं. स्वतःहून. मराठीत 'क'ला काना दिला की 'का'च होतो, तिथे फसवणूक नाही. इंग्रजी अक्षर आज एक बोलतं, उद्या दुसरं. हे मी जन्मभर नियम सांगून शिकवत आलो. शब्दाच्या शेवटचा 'ई' बहुधा मुका असतो, हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल! त्या दिवशी 'टँब'पासून 'तांबे'पर्यंत यायला पोरांना तो मुका 'ई' स्वतः हुडकावा लागला आणि बोलका करावा लागला.

मग आमचा वर्ग बदलला. रोज तासाच्या सुरुवातीला एक नाव किंवा गाव बाईकडून नीट म्हणवून घ्यायचं. शहाड, आंबिवली, कळवा, कोणाचं आजोळ खेड, कोणाचं पाटण. मुलांनी तिला 'बाई'च ठरवून टाकलं. मी संध्याकाळी घरी बसून दुसऱ्या दिवशीची वाक्यं लिहून ठेवायला लागलो, म्हणजे वर्गात नुसतं बोट लावायचं काम. रोज लागणारी इंग्रजी वाक्यं मी पडद्यावर वरच्या बाजूला बटणांत बसवली. 'बसा', 'पुन्हा', 'कोण सांगेल?' आणि 'का?'. या सगळ्यांत 'का?' सर्वांत जास्त वापरलं गेलं. पूर्वी मी 'का' विचारतच नव्हतो. माझाच आवाज तासभर पुरत होता.

धडा वाचायला आता मुलंच उभी राहायची, कारण मला वाचता येत नव्हतं. एक वाचणार, बाकीचे ऐकणार, अडलं की बाईला विचारणार. बाई आणि वर्ग यांचं पटलं नाही तर डिक्शनरी. माझ्या फोनवर उलटी सोयही होती, आपण बोलायचं आणि ते लिहिणार. तीही काढली. ओमकार शेलार, लाजाळू मुलगा, हळूच म्हणाला, "माय फादर ड्राइव्ज अ टेम्पो." फोनने लिहिलं 'ड्राइज अ टेम्पल', म्हणजे त्याचे वडील देऊळ वाळवतात. ओमकारचा चेहरा पडला. तेव्हा मी फळ्यावर एक नियम लिहिला, तो वर्षभर पुसू दिला नाही : *वर्गातल्या तिघांना कळलं आणि फोनला कळलं नाही, तर फोन नापास.* ओमकारचं वाक्य पूर्ण वर्गाला कळलं होतं. फोनला त्या दिवशी भोपळा मिळाला आणि ओमकार खाली बसताना हसला.

सगळं असं गोड चाललं होतं म्हणेन तर खोटं होईल. दोन संकटं पाठोपाठ आली.

पहिलं म्हणजे ओमकारचे वडील. शहाडला राहणारे, मूळ साताऱ्याकडचे. ते खरंच टेम्पो चालवायचे, नुकतेच दुचाकीवरून पार्सल पोचवण्याच्या कामाला लागले होते. ते कर्णिक मॅडमच्या केबिनमध्ये येऊन बसले आणि मला बोलावणं आलं. मी टॅबलेट घेऊन गेलो.

"मॅडम, मोबाईलवर शिकायचं, तर पोरगं घरी मोबाईल बघतंयच की," शेलार म्हणाले. "त्याला शाळेत कशाला पाठवू? मास्तरांना बोलता येत नाय, ठीक आहे, देवाची करणी. पण मग इंग्लिश कोण शिकवणार, ती मशीन?"

मी उत्तर टाइप करायला घेतलं. शेलारनी हात पुढे केला.

"नाय सर. मला तिच्याशी नाय बोलायचं. तुमच्याशी बोलायचंय."

मला त्या माणसाचा राग यायला हवा होता. आला नाही. त्याचं चुकत नव्हतं. मी टॅबलेट उलटा ठेवला, खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि कुजबुजलो, "उद्या वर्गात बसा."

"काय म्हणाले?" त्यांनी मॅडमना विचारलं.

"वर्गात या म्हणतायत."

"मी?"

"हो."

आले. कामाचा गणवेश घालून, हेल्मेट मांडीवर घेऊन शेवटच्या बाकावर बसले. ओमकार पूर्ण तास मागे न बघता बसला. मी काही खास केलं नाही, रोजचंच. त्या दिवशी नावाची पाळी एका मुलीची होती, तिचं गाव कोरेगाव. बाई त्याची वाट लावत होती. वर्ग तोडत होता, जोडत होता. मागून एक जाड आवाज आला, "अरे, 'गाव' म्हणताना ती 'गॉ' करतेय. 'काऊ' कसा लिहितात? गाय? तसं लिहा की!" सगळ्या माना मागे वळल्या. शेलार अर्धे उठले होते. मुलीने तसं लिहिलं. बाई गावाच्या बरीच जवळ आली. शेलार बसले आणि एकदम हेल्मेटकडे बघायला लागले.

जाताना दारात थांबून म्हणाले, "पोरं बोलतात, बरं वाटलं. पण सर, मार्क कमी पडले तर मी परत येणार."

मार्क कमी पडलेच, तेही माझ्यामुळे. हेच दुसरं संकट. सहामाहीचे पेपर जाधव सरांनी तपासले. त्यांनी गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. मी उघडला. एका मुलाने 'स्कूल'मध्ये 'के' घातला होता. एकीने 'नेशन' असं लिहिलं होतं की वाचताना बाईने अचूक म्हटलं असतं, पण कुठल्याही डिक्शनरीत ते सापडलं नसतं. 'बिकॉज'चे निदान पाच प्रकार. कल्याणला तर सगळ्यांनी दोन 'ए' दिले होते. बाईला ऐकू येईल तसं लिहायची सवय मी लावली होती, आणि पोरांनी ती प्रामाणिकपणे पेपरात उतरवली होती.

कर्णिक मॅडमनी पेपर बघितले. "सर, दिवाळीपर्यंत म्हटलं होतं. दिवाळी आली."

मी पेपरांचा गठ्ठा सारखा केला.

"मुलं बोलायला लागली आहेत, मी बघितलंय. पण बोर्डाचा पेपर लेखी असतो. मी पालकांना काय सांगू? दिवाळीनंतर तुम्ही ऑफिसला बसा."

त्या वेळी मला ओरडायचं होतं. आयुष्यभर ओरडलो होतो, नेमकं तेव्हा येत नव्हतं. मी कागद ओढला आणि लिहिलं : *चूक माझ्या पद्धतीची आहे, मुलांची नाही. मला दुसऱ्या घटक चाचणीपर्यंत वेळ द्या. पेपर जाधवांनीच काढावा, त्यांनीच तपासावा. तेव्हाही असंच असेल तर मी स्वतः लायब्ररीच्या किल्ल्या मागायला येईन.*

मॅडमनी ते दोनदा वाचलं. जाधव सर मधेच म्हणाले, "मॅडम, मी काढतो पेपर. आणि सोपा नाही काढणार." हे त्यांनी माझ्या बाजूने म्हटलं की विरोधात, ते मला तेव्हा कळलं नाही. मॅडमनी मान हलवली.

दिवाळीची सुट्टी मी विचार करण्यात घालवली. वृंदा चकल्या तळत होती, मी तिच्याशेजारी ओट्यावर टॅबलेट ठेवून शब्द टाकत होतो. शेवटी उपाय सापडला तो साधाच होता. आजवर मुलं बाईला बरोबर बोलायला लावण्यासाठी शब्द वाकवत होती. आता शब्द डिक्शनरीतलाच, जसाच्या तसा टाकायचा, आणि त्यातलं कुठलं अक्षर बोललं, कुठलं गप्प बसलं आणि कुठल्याने सोंग घेतलं, ते मुलांनी शोधायचं. नावं वाकवायला मोकळीक, इंग्रजी शब्दाला हात लावायचा नाही. वर्गात हे सांगितलं तेव्हा पहिला विरोध प्रणालीचा.

"सर, पण मग मजा काय?"

मी 'नाइफ' हा शब्द टाकला. बाईने म्हटला. मी 'का?' दाबलं.

प्रणाली पडद्याकडे बघत राहिली. "सर, 'के' नुसता उभा आहे! काहीच काम नाय त्याला!" मग जरा थांबून, "याला ठेवलाय कशाला मग?"

मला उत्तर माहीत होतं. जुन्या काळी तो उच्चारला जायचा, मग लोकांच्या तोंडून गेला, लिहिण्यात राहिला. मी ते टाइप केलं आणि बाईने वाचलं. प्रणाली म्हणाली, "म्हणजे पेन्शनवर आहे." त्या दिवसापासून मुक्या अक्षरांना आमच्या वर्गात पेन्शनर म्हणायचे, आणि पेन्शनर शोधायची चढाओढ लागली. पेपरात पेन्शनर विसरला तर शेजारचा हसायचा.

घटक चाचणीचा पेपर जाधव सरांनी खरंच सोपा काढला नाही. तपासून झाल्यावर ते गठ्ठा घेऊन थेट मॅडमकडे गेले, माझ्याकडे आले नाहीत. मी स्टाफरूममध्ये डबा समोर ठेवून बसलो होतो. जाधव परत आले, माझ्यासमोर बसले, माझ्या डब्यातली पोळी घेतली आणि म्हणाले, "ठीक आहे. फार चांगले नाहीत. पण माझ्या आठवी ब तुकडीपेक्षा वाईट नाहीत. मॅडमना सांगून आलो." मग भाजी घेत म्हणाले, "तुमचा तो 'का?' मला द्या ना माझ्या वर्गासाठी."

वर्ग माझ्याकडे राहिला. ती तुकडी मी नववीतही घेतली.

मधे एक गोष्ट झाली, ती सांगायलाच हवी. माझी जुनी विद्यार्थिनी केतकी ठाण्याला ध्वनिमुद्रणाचं काम करते. तिला माझ्या आजाराचं उशिरा कळलं. ती घरी आली आणि म्हणाली, "सर, शाळेकडे गॅदरिंगची जुनी रेकॉर्डिंग आहेत. त्यावरून आता तुमचा आवाज बनवता येतो. तुम्ही टाइप करायचं, बोलणार तुम्हीच." मी नको म्हणालो नाही. उलट रोज विचारायचो, झालं का.

झालं तेव्हा तिने लॅपटॉप आमच्या दिवाणखान्यात लावला. मी एक ओळ टाइप केली. माझा आवाज आला. तोच खर्ज, तोच ठसका. मी कधीही न बोललेलं वाक्य मी बोलत होतो. वृंदा स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दारातच उभी राहिली. मी मात्र सारखा टाइप करत राहिलो, पेपरातल्या बातम्यासुद्धा.

दुसऱ्या दिवशी तो वर्गात नेला. केतकीने टॅबलेटवर बसवून दिला होता. मी अभिमानाने धडा लावला. भरघोस, न चुकणारा, कल्याणला कल्याण म्हणणारा आवाज. मुलं शांत बसली. फारच शांत बसली. धडा संपला, कोणीही हात वर केला नाही. मी 'का?' दाबलं. माझ्या आवाजातलं 'का?' ऐकून पहिला बाक मागे सरकला.

शेवटी प्रणालीने विचारलं, "सर, हे कोण आहेत?"

मी छातीवर हात ठेवला. ही मुलं आठवीत या शाळेत आली तेव्हा माझा आवाज गेलेलाच होता, त्यांनी तो कधी ऐकलाच नव्हता.

"तुम्ही?" ती गोंधळली. मग इकडेतिकडे बघून म्हणाली, "चांगलाय सर. पण हे जरा ओरडतात."

आणि मागून ओमकार शेलार, जो एरवी विचारल्याशिवाय बोलत नसे, तो म्हणाला, "बाई चुकली की आपण सांगतो. हे चुकतच नाहीत. मग आपण काय करायचं?"

मला लागलं ते. दिवसभर लागत राहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बाईला आणलं, आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. जुना आवाज टॅबलेटमध्ये आहे अजून. मी तो लावत नाही. ऐकावासा वाटत नाही असं मात्र नाही.

दहावी मला परत मिळाली नाही. त्याआधीच निवृत्त झालो. त्याची खंत आहे, ती असू दे.

निवृत्तीनंतर एकदा घरचा फोन वाजला. वृंदा भाजी आणायला गेली होती म्हणून मी उचलला. "हॅलो, तांबे सर का? हॅलो? आवाज येत नाय... हॅलो?" मी जीव तोडून हो म्हणत होतो. फोन कटला. पुन्हा आला, पुन्हा तेच. संध्याकाळी दारावरची बेल वाजली. दारात शेलार, हेल्मेट काखेत.

"सर, फोन लावत होतो. लागतच नव्हता." मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते ओशाळले. वृंदाने त्यांना आत बसवलं.

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी काम सांगितलं. आता त्यांना ठाण्याचा भाग दिला होता. उंच उंच टॉवर. पार्सल नेलं की लोक फोनवर भराभर इंग्रजी बोलायचे, आणि यांची जीभ टाळ्याला चिकटायची. "समोर माणूस असला तर हातवारे करून होतं. फोनवर काय करू? मी गप्प बसतो. त्यांना वाटतं फोन कटला. मग तक्रार जाते." ते खुर्चीच्या कडेवर आले. "ओमकार म्हणाला, सरांकडे जा. मला वाटलं, गप्प राहायचं तर तुम्हाला रोजचंच आहे. तरी तुम्ही शिकवत राहिलात. मला पण शिकवा."

मी वृंदाकडे बघितलं. ती चहा ठेवायला उठली.

आम्ही लगेच सुरू केलं. मी बाईकडून गिऱ्हाइकाची वाक्यं म्हणवून घेत होतो, भराभर, आणि शेलार उत्तर देत होते. पहिल्या काही आठवड्यांत ते प्रत्येक वाक्यानंतर माझ्याकडे बघायचे, बरोबर का म्हणून. मी मान हलवायचो किंवा हलवायचो नाही.

एका संध्याकाळी असा सराव चालू असताना त्यांचा फोन खरंच वाजला. अनोळखी नंबर. त्यांनी स्पीकरवर टाकला. पलीकडे एक गृहस्थ, रागावलेले, झरझर इंग्रजी : अमुक फ्लॅट, पार्सल आलं नाही, सकाळपासून वाट बघतोय, तुम्ही लोक समजता काय स्वतःला. शेलारनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं असतं तरी त्या फोनमध्ये माझा आवाज पोचला नसता, आणि पुढच्या फोनला मी तिथे असणारही नव्हतो. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिलो.

पलीकडचा माणूस "हॅलो? हॅलो?" करायला लागला.

"सर," शेलार इंग्रजीत म्हणाले. गळा साफ केला. "सर, वन मिनिट. स्लोली प्लीज. आय केम टुडे. डोअर वॉज लॉक, मे बी राँग विंग. टुमॉरो मॉर्निंग आय विल कम, फर्स्ट. टेल मी, सर, विच विंग?"

मग तो माणूस हळू, नीट, एकेक शब्द सुटा करून बोलला. शेलारनी "थँक यू, सर" म्हटलं आणि फोन ठेवला. त्यांच्या कपाळावर घाम होता. ते माझ्याकडे वळले.

"बी विंग," ते मला म्हणाले, जणू मला ऐकूच आलं नव्हतं. "सर, बी विंग!"